बेतणी एकदाच विकायची

३ मार्च, सोमवार

भाऊजींशी भांडले. म्हणजे मी भांडले. धाकटे दीर असल्यामुळे ते उलट बोलत नाहीत, नुसते आकडे दाखवतात, आणि आकड्यांशी किती भांडणार? आमचे हे म्हणाले, जे ओरडायचंय ते वहीत लिही, शेजाऱ्यांना तेवढाच आराम. हे शाळेत भूगोल शिकवतात. घरात वादळ उठलं की दिशा सांगून बाजूला होतात.

तर विषय असा. माझी बेतणी आता दरवर्षीच्या वर्गणीवर द्यावी असं भाऊजींचं म्हणणं आहे. बेतणी हा मी शिंप्यांसाठी लिहिलेला प्रोग्रॅम. गिऱ्हाइकाची अठरा मापं टाकली की शर्टाचा, कोटाचा, झग्याचा पूर्ण आकाराचा कागद छापून मिळतो. तो कापडावर ठेवायचा आणि कापायचं. अकरा वर्षांत चारशे बारा दुकानांत गेली. प्रोग्रॅमच्या प्रत्येक डब्यात मी सही केलेलं एक कार्ड असतं: ‘एकदा घेतलीत, कायमची तुमची. अडलं तर फोन करा.’ खाली वन्संचा नंबर.

पण नवीन कॉम्प्युटरवर बेतणी चालत नाही. सगळी नव्याने लिहायला हवी, त्यात सहज सहा महिने जातील, आणि ज्यांना घ्यायची होती त्यांनी ती कधीच घेतलीय. भाऊजींची कंपनी या कामाला पैसा लावायला तयार आहे. अट एकच, वर्गणी. तीस एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचंय. म्हणाले, आजकाल कुणी एकदाच विकत नाही वहिनी, आणि वर्गणी आली तर फोनवर दोन माणसंसुद्धा ठेवता येतील. म्हटलं, ऑफिस थाटायचंय का मला?

मी नाहीच म्हणणार. कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला होते तेव्हा आमचं आखणीचं सॉफ्टवेअर भाड्याचं होतं. मालकाने एका वर्षी भाडं थकवलं आणि सोमवारी सकाळी पडद्यावर कुलपाचं चित्र. माझ्या हातच्या नऊ वर्षांच्या आखण्या आत, मी बाहेर. त्या आठवड्यात नोकरी सोडली आणि बेतणी लिहायला घेतली. कुणाच्या दुकानात मी असलं कुलूप लावणार नाही. कानाला खडा.

वन्संना विचारायचा प्रश्नच नाही, त्या माझ्याच बाजूच्या. तशाही त्या तेव्हा फोनवर होत्या.

५ मार्च, बुधवार

कामाला लागले. सकाळी सहापासून.

आमची कामाची खोली म्हणजे वन्संची जुनी कटिंगची खोली. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, तीस वर्षं कटिंग केलेली बाई. मधोमध त्यांचं लांब टेबल, त्यावर अजून खडूच्या रेघा आहेत. एका टोकाला माझे दोन पडदे, दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी त्या, फोन आणि गरम पाण्याचा थर्मास. मी टाइप करते, त्या बोलतात. अकरा वर्षं हेच चाललंय, मला त्यांचं बोलणं आता पंख्याच्या आवाजासारखं ऐकूही येत नाही.

आज मात्र आलं, कारण त्या सारख्या खाकरत होत्या. घसा बसलाय. समोर रस्ता खणलाय, धूळ असणार. खिडकी लावा म्हटलं. लावली, तरी खाकरणं चालूच. शेवटी मी कानात बोळे घातले आणि चांगलं काम झालं.

१० मार्च, सोमवार

सोमवारच्या मास्तरांचा फोन. हे आमचं पहिलं गिऱ्हाईक. दर सोमवारी अकराच्या ठोक्याला फोन करतात म्हणून हे नाव. आज चाळीस मिनिटं. मी खूण करून विचारलं, एवढं काय असतं? वन्संनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि म्हणाल्या, काही नाही, त्यांचं नेहमीचं.

माणसांना एकटं वाटतं, म्हणून करतात फोन. कारण बेतणीत तर काही खोट नाही. अकरा वर्षांत आखणीबद्दल एक तक्रार माझ्यापर्यंत आलेली नाही. हे मी जेवताना सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. ह्यांनी वाटी पुढे केली. वन्सं नुसत्या हसल्या.

१४ मार्च, शुक्रवार

आज जरा धीर सुटला. सहा महिने पुरतील का? मधल्या काळात काय? ह्यांच्या पगारावर चौघांचं (तिघं आणि थर्मास) भागेल, पण घर गळतंय ते गळतच राहील. भाऊजींचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नाही, हे इथे लिहिते, बाहेर बोलणार नाही.

पण शिंपी कात्री विकत घेतो. कात्रीवाला दरवर्षी दारात येऊन उभा राहत नाही की भर, नाहीतर पाती उघडणार नाहीत. बेतणी ही कात्री आहे. एकदा विकायची, नीट विकायची आणि विषय संपवायचा. नवीन आवृत्ती जुन्या लोकांना अर्ध्या किमतीत देईन, तीही एकदाच. ठरलं.

१७ मार्च, सोमवार

वन्सं रुसल्यात वाटतं. जेवताना एक शब्द नाही. मीठ हवं होतं तर बोटाने दाखवलं. दुपारी माझ्यासमोर चिठ्ठी ठेवली, ‘कागद संपलाय, आण.’ एका टेबलावर बसून चिठ्ठ्या! पण फोन वाजला की लगेच हॅलो. म्हणजे शिंप्यांशी बोलायचं आणि माझ्याशी नाही.

मग मीही बोलले नाही. आम्हालाही येतं रुसता.

२० मार्च, गुरुवार

सकाळी फोन वाजला, वन्संनी उचलला, तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. पुन्हा उघडलं. नुसती हवा. त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे धरला. त्यांचे डोळे बघून मी तो खाली ठेवला.

तसंच त्यांना डॉक्टरकडे नेलं. स्वरयंत्रावर गाठी आहेत. सहा आठवडे पूर्ण मौन, कुजबुजणंसुद्धा नाही. तेवढ्याने उतरल्या तर ठीक, नाहीतर ऑपरेशन, आणि मग आवाज पहिल्यासारखा येईल याची खात्री नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शिक्षिका आहात का? गाता का? मी सांगितलं, छे, घरीच असतात, फोनवर बसतात फक्त. रोज किती वेळ, असं विचारल्यावर वन्संनी सात बोटं वर केली.

मी म्हटलं, इतका कुठला, दोन-तीन तास असेल. वन्संनी बोटं खाली घेतली नाहीत.

रुसवा वगैरे काही नव्हता. त्या उरलासुरला आवाज फोनसाठी राखून ठेवत होत्या. आणि मी कानात बोळे घालून बसले होते. स्वतःला काय म्हणावं ते इथे लिहवत नाही.

२४ मार्च, सोमवार

फोन माझ्याकडे. एकतीस आले. मधे दोनदा लघवीला जायचंही राहिलं.

नवव्या की दहाव्या फोनवर एक शिंपी म्हणाले, पोक काढलेलं गिऱ्हाईक आहे, मुंढा किती खाली घेऊ, ताई सांगतात तसा पाव इंच की जास्त? मुंढा म्हणजे बाही जोडायची गोलाई. मी म्हटलं, काही खाली घ्यायचा नाही, छापलाय तसा कापा. ते मोकळेपणाने हसले. “अहो बाई, छापल्याप्रमाणे कोण कापतं? तुम्ही नवीन आहात का?”

मी नवीन आहे! तळपायाची आग मस्तकात गेली. पण पुढच्यानेही तेच विचारलं, त्याच्या पुढच्यानेही. एका बाईंचं एक खांदा उतरलेलं गिऱ्हाईक. एकाचं पोट सुटलेलं. सगळ्यांना वाटतं, बेतणी म्हणजे कागद छापायचा आणि मग ताईंना विचारायचं.

२५ मार्च, मंगळवार

वन्संना जाब विचारला. आवाज चढला, लिहून ठेवते. म्हटलं, माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक होती तर मला का नाही सांगितलीत? ह्यांनी शाळेतून आणून दिलेल्या छोट्या पांढऱ्या फळ्यावर त्यांनी लिहिलं, “पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तू तीन दिवस जेवली नाहीस.”

मला आठवेना. मग आठवलं. बेतणी बाहेर पडून तीन-चार महिने झाले होते. त्या म्हणाल्या होत्या, मुंढा नीट बसत नाही. मी म्हटलं होतं, मापं चुकीची घेतली असतील. मग दार लावून बसले, रडले, आणि मनाशी धरून ठेवलं की या बाईला माझं काम बघवत नाही. तीन दिवसांनी त्या ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, जाऊ दे, माझंच चुकलं असेल.

फळा पुसून त्यांनी खाली लिहिलं, “मग म्हटलं, आपणच सांगू एकेकाला.”

एकेकाला. चारशे बारा दुकानं, अकरा वर्षं. मी कारखान्यातून आलेली, माझ्या आखण्या पुतळ्याच्या मापाच्या, आणि पुतळा सरळ उभा असतो. माणसं वाकलेली असतात. ती वाकलेली माणसं वन्संनी तोंडाने सरळ केली. त्यात त्यांचा घसा गेला.

मला फार लाज वाटतेय. हे सांगायला कुणी नाही, कारण ज्यांना सांगायचं त्यांच्यासमोरच लाज वाटतेय.

२ एप्रिल, बुधवार

लाज पुरे, काम सुरू. पहाटे उठते, फोन सुरू व्हायच्या आत तीन तास मिळतात. वन्सं टेबलावर कागद पसरतात, खडूने आखून दाखवतात, पोक असेल तर असं, खांदा उतरला असेल तर असं. मी कितीने, कशावरून, कुठल्या मापाशी बांधलेलं, असं विचारत राहते. त्या मान हलवतात, किंवा माझं बोट धरून रेघेवरून फिरवतात. ह्यांना मधे उभं करून वाकायला लावतो. हे म्हणाले, भूगोलाच्या मास्तरला इतकं वाकवलं तर पृथ्वीचा आस बदलेल.

चौदा दुरुस्त्या निघाल्या. सहा बसवल्या. मजा येतेय, खोटं कशाला सांगू.

आणि आता तर माझं म्हणणं आणखी पक्कं झालं. बेतणीत खोट होती म्हणून फोन येत होते. खोट काढली की फोन बंद, वन्संना आराम. मग वर्गणी कशाला हवी?

७ एप्रिल, सोमवार

अकराच्या ठोक्याला सोमवारचे मास्तर. आधी ताईंची चौकशी. मी त्यांना खुशीत सांगितलं की नव्या बेतणीत सगळ्या दुरुस्त्या येताहेत, आता तुम्हाला फोन करावा लागणार नाही.

ते म्हणाले, “मी बेतणी चार वर्षांत उघडली नाही. कॉम्प्युटर नातीने नेला.”

मग फोन कशाला करता, असं मी जरा फटकळपणेच विचारलं. त्यांना राग आला नाही. शांतपणे सांगितलं, अवघड गिऱ्हाईक आलं की त्याला मी सोमवारचं बोलावतो. समोर उभं करतो आणि ताईंना सांगतो कसं उभं आहे ते. त्या सांगतात कसं कापायचं. पैशाचं विचारलं होतं एकदा. त्या म्हणाल्या, डबा एकदा घेतलात ना, झालं.

फोन ठेवला. बेतणी एकदा विकली आणि विषय संपला, असं मी कुणाकुणाला ऐकवलं असेल! त्या एका डब्यावर वन्सं अकरा वर्षं कापून देत होत्या, आणि कार्डावर सही माझी. चौदा दुरुस्त्या बसवल्या तरी पंधरावा माणूस येणारच आहे, आणि त्याचा शिंपी फोन करणारच आहे.

आता काय करायचं ते कळत नाही. कुलूप लावणार नाही हे मात्र अजून तितकंच खरं आहे.

१५ एप्रिल, मंगळवार

भाऊजी कागदपत्रं घेऊन आले. वन्संसाठी मऊ स्कार्फ आणला होता, तो आधी त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि मग बसले. मी करार पूर्ण वाचला. सहावं कलम: वर्गणी ठरल्या तारखेला न आल्यास प्रोग्रॅम आपोआप बंद होईल. हे काढा, मी म्हटलं. म्हणाले, वहिनी, तेच तर मुख्य आहे, नाहीतर भरेल कोण?

मग मी म्हटलं, तुम्हाला फक्त आलेख वर जायला हवा. हे बोलायला नको होतं. भाऊजींनी कागद आवरले. म्हणाले, “दोन वर्षांपूर्वी तुम्हाला सांगितलं होतं, ताईचा आवाज जातोय. तुम्ही म्हणालात, धूळ आहे. पगारी माणसं आल्याशिवाय ती फोन सोडणार नाही, आणि वर्गणीशिवाय माणसं कुठून येणार? म्हणून हा सगळा खटाटोप.”

वन्सं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या.

दोन माणसं ठेवता येतील, असं ते पहिल्या दिवशीच म्हणाले होते. मी ऑफिस थाटायचंय का विचारलं होतं. माझ्याच हस्ताक्षरात आहे.

२१ एप्रिल, सोमवार

आज मी वन्संना विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. फोन बाजूला काढून ठेवला, समोर बसले आणि म्हटलं, “तुम्ही सांगा. एकदाच विकायची की दरवर्षी?”

त्यांनी फळा मांडीवर घेतला आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. पुसायच्या, पुन्हा लिहायच्या. मला वाटलं लांबलचक काही असेल. माझ्याकडे वळवला तेव्हा तीनच ओळी होत्या.

“बेतणी एकदाच विक.
मला दरवर्षी विक.
पैसे नाही भरले तर मी बंद, बेतणी नाही.”

मी वाचलं, पुन्हा वाचलं आणि रडले, हसतसुद्धा होते. त्यांनी स्कार्फच्या टोकाने माझं नाक पुसलं, मी काय सहा वर्षांची असल्यासारखं.

मग दोघींनी बसून ठरवलं. डबा घेतला तो कायमचा, कुलूप नाही. फोन हवा असेल तर वर्षाचे पैसे. वेळ दहा ते एक. फोनवर वन्सं नाहीत. त्यांच्याबरोबर कटिंग केलेल्या एक बाई हल्ली रिकाम्या आहेत, त्या बसतील. अवघड माणसाचा फोटो पाठवायचा, वन्सं कागदावर आखून देतील.

३० एप्रिल, बुधवार

कंपनीला नाही कळवलं. भाऊजींना आधी फोन करून सांगितलं आणि मागचं बोलणं माफ करा म्हटलं. ते म्हणाले, वर्षाच्या पैशांवर तुमचं घर चालणार नाही. मी म्हटलं, नाही चाललं तर ऑगस्टमध्ये तुमच्याकडेच येते, तेव्हा आकडे दाखवा. ते हसले. रविवारी येताहेत.

आठवडाभर चारशे बारा दुकानांना मी स्वतः फोन केले. त्र्याण्णव जणांनी वर्षाचे पैसे भरलेत. सोमवारच्या मास्तरांनी पहिले. साठएक जण रागावले, त्यातल्या एकाने मला फसवी म्हटलं, कारण कार्डावर ‘अडलं तर फोन करा’ असं माझ्या सहीनिशी लिहिलंय. त्याचं खरं आहे. मी सांगितलं, ते वचन मी दुसऱ्याच्या गळ्यावर दिलं होतं, ते मोडते आहे. डबा परत दिलात तर पैसे परत देईन. त्याने डबा दिला नाही.

त्र्याण्णवात एका बाईचा अर्ध्या दिवसाचा पगार निघतो. गळकं घर गळतंच. बघू.

२ मे, शुक्रवार

काल सहा आठवडे झाले. गाठी बऱ्याच उतरल्यात, ऑपरेशन नको. पण आता रोज फक्त पाच मिनिटं बोलायचं, तेही हळू आणि समोरच्या माणसाशी. फोनवर वर्षभर नाही.

आज सकाळी कामाच्या खोलीत ह्यांनी घड्याळ लावलं. वन्सं काय बोलतील याची मी रात्रीपासून वाट बघत होते. मनात मीच त्यांची वाक्यं करून ठेवली होती, सगळी माझ्याबद्दल चांगली. त्या टेबलाशी आल्या, मी रात्री छापून ठेवलेला एका अवघड गिऱ्हाइकाचा नवा कागद त्याच्या फोटोसकट उचलला, खिडकीकडे धरला. इतक्यात फोन वाजला. दहा वाजायचे होते, आणि नंबर वर्गणी न भरलेल्यातला. वन्संचा हात उठला. मी त्यांच्याकडे बघितलं. हात खाली आला. फोन वाजून वाजून थांबला. एवढी चार-पाच वेळची घंटा मला फार लांब वाटली, त्यांना किती वाटली असेल.

मग त्या बोलल्या. आवाज खरखरीत होता, पण त्यांचाच.

“अगं, खांदा तू उलटा घेतलायस. डावा उतरलाय, तू उजवा उतरवलास. आणि पोटाची दुरुस्ती घाईत केलीयस, ती मला पसंत नाही.”

माझा चेहरा पडला असणार, कारण त्या क्षणभर थांबल्या. मी म्हटलं, थांबू नका, अजून काय? तर अजून तीन चुका निघाल्या. पाचही मिनिटं त्यातच गेली. ह्यांनी घड्याळ दाखवलं तेव्हा त्या कॉलरवर होत्या, ते वाक्य फळ्यावर पुरं केलं.

खांदा खरंच उलटा होता. जेवणाच्या आत सरळ केला. पोटाचं उद्या.